टर्नरच्या उताराची चार पानं

फिबा दारात आली तेव्हा थॅडियस ऑर्म नकाशावर शाई फिरवत होता. तिच्या पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल सुकला होता. ती थॉर्नलींच्या मळ्यावरची गुलाम; तिथून ऑर्मच्या घरापर्यंत आठ मैल, आणि ते तिने रस्ता टाळून, दलदलीच्या कडेकडेने काढले होते.

ऑर्मच्या समोर बसलेला हेझेकाया पिंकस्टन वळला. जिल्ह्याचा कोरोनर तो. कुणी संशयास्पद मेलं की प्रेताची तपासणी याच्याकडे.

"बाहेर पडायची चिठ्ठी आहे का ग तुझ्याजवळ?"

"नाही, साहेब."

"गस्तवाल्यांनी गाठलं असतं तर पाठ सोलली असती तुझी."

"सोलू देत. उद्या माझ्या नवऱ्याला फाशी देणार आहेत."

पिंकस्टन ऑर्मकडे वळून म्हणाला, "मघापासून तुला सांगतोय ना, तोच तो. मिंगो. काल भर दुपारी कर्नल थॉर्नलींना त्याने त्यांच्याच पिस्तुलाने मारलं."

"तो नाही," फिबा म्हणाली. "ऑर्मसाहेब, मागच्या साली बांधाचा एक दगड बघून तुम्ही खोटं खरेदीखत ओळखलंत. तेवढंच बघा. एकदा नुसतं येऊन बघा."

ऑर्म संत नव्हता. लोकांच्या जमिनी मोजून पोट भरणारा माणूस. ज्या जमिनी मोजल्या त्यांवर राबणाऱ्यांबद्दल त्याने आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. पण मोजमाप चुकलेलं त्याला सोसत नसे. त्याने नकाशा गुंडाळला, एका कागदावर फिबासाठी बाहेर पडायची चिठ्ठी लिहिली आणि टोपी उचलली.

"पिंकस्टन, वाटेत सगळं पहिल्यापासून सांग."

सँटी नदीच्या काठाने घोडे चालले. भात पिवळं झालं होतं. पाखरांचे थवे खाचरांवर तुटून पडत होते आणि बांधांवरचे राखणदार त्यांच्यावर बंदुकांचे बार काढत होते. पिंकस्टन सांगत होता.

कर्नल गिडियन थॉर्नली, वय बासष्ट. शेकडो एकर भात, सतरा वर्षं पलटणीचे कर्नल, तीन वेळा राज्याच्या सेनेटवर. काल पलटणीची कवायत होती. कर्नल ती स्वतः घेणार होते. पण दहा वाजता मेजर अब्नर स्ट्रोड मैदानावर आला तो कर्नलची चिठ्ठी घेऊनच. कर्नल आजारी, कवायत त्यानेच घ्यावी. बाराच्या ठोक्याला ऐंशी बंदुकांची एकदम फैर झाली. त्यानंतर अर्ध्या तासाने कर्नलचा मुलगा लायनेल आणि मेजर वडिलांची चौकशी करायला नदीकाठच्या लिहायच्या खोलीत गेले. कर्नल जमिनीवर पडलेले, छातीत गोळी. त्यांना मांडीवर घेऊन मिंगो बसलेला. हात रक्ताने भरलेले.

"वेगळा बार कुणीच ऐकला नाही," पिंकस्टन म्हणाला. "म्हणजे मारणाऱ्याने फैरीचा मोका साधला. आणि फैरीच्या वेळी सगळे गोरे मैदानावर. मळ्यात उरला कोण? मिंगो. सरळ आहे सगळं."

"चिठ्ठी आहे तुझ्याजवळ?"

पिंकस्टनने खिशातून कागदाची रुंद पट्टी काढली. वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ. अक्षर कर्नलचंच, जिल्ह्यात सगळ्यांच्या ओळखीचं. 'मला ताप चढला आहे. उभं राहवत नाही. आज पलटण तुमच्याच हाती.' खाली सही. आणि सहीच्याही खाली, उजव्या कोपऱ्यात, एकच सुटा शब्द: 'आणि'.

"हे 'आणि' काय?"

"आणखी काही लिहायचं असेल. राहिलं."

"सही करून झाल्यावर?"

"तापात माणसाचं भान सुटतं रे."

मिंगोला मक्याच्या कोठारात साखळीने बांधलं होतं. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. एक डोळा सुजून मिटलेला.

"काय घडलं ते सांग," ऑर्म म्हणाला.

"सांगून काय होणार, मालक? गोऱ्यापुढे माझ्या शब्दाला वजन नाही. कायदाच तसा आहे."

"तुझा शब्द मला नकोच आहे. तू पाहिलंस ते सांग. वदवून मी दुसऱ्या कुणाकडून घेईन."

मिंगो एका डोळ्याने त्याच्याकडे बघत राहिला.

"बार झाल्यावर मी पाण्याची घागर घेऊन गेलो. ते पडलेले. मी उचलून मांडीवर घेतलं. त्यांचे हात छातीवर घ्यायला गेलो, तर हात वाकेनात. अंग थंड."

"फिबा वाटेत म्हणाली, ते तुला स्वातंत्र्याचा कागद देणार होते?"

"टेबलावर होता. सही काल संध्याकाळी करायची होती, दोन साक्षीदारांसमोर." तो खिन्नपणे हसला. "त्यांना मारून मला काय मिळणार होतं? सही करणारा हातच गेला."

"का देणार होते? एवढ्या वर्षांनी?"

मिंगोने मान खाली घातली. "टर्नरच्या उतारावर खड्डा मी खणला होता, मालक. इंग्रजांविरुद्धच्या युद्धात. एकोणीस माणसं मावतील एवढा. त्याबद्दल कर्नलना आता म्हातारपणी झोप येत नव्हती."

बाहेर पडताना ऑर्मने पिंकस्टनला विचारलं, "काल तू किती वाजता पोचलास?"

"दीड वाजता. आधी मैदानावरच होतो, सकाळी सातपासून. लायनेलबरोबरच न्याहारी केली, डुक्कर भाजायचं काम आम्ही दोघं बघत होतो."

"प्रेत सरळ केलंस तेव्हा काही अडचण?"

"विचारू नकोस. हातपाय लाकडासारखे. दोन माणसं धरून हात वाकवावे लागले."

ऑर्म बोटांवर तास मोजत पुढे निघाला.

लिहायच्या खोलीत सगळं कालच्यासारखंच होतं. टेबलावर मक्याच्या लापशीचा भरला वाडगा, वर साय धरलेली, कडेने मुंग्या. बाजूला मद्याची सुरई, दोन पेले आणि मिंगोच्या स्वातंत्र्याचा बिनसहीचा कागद. भिंतीतल्या शेगडीत कागदाची काळी राख.

"सप्टेंबरात शेगडी?" ऑर्म म्हणाला.

"ताप होता ना. थंडी वाजली असेल."

फिबा उंबऱ्यापाशी उभी होती. ऑर्मने तिला विचारलं.

"लापशी मीच आणली, मालक. आठ वाजता. कर्नलसाहेब लिहीत बसले होते. मला म्हणाले, पेले दोन ठेव, कुणी येणार आहे. ताप? छे! गणवेश चढवून, पट्टा बांधून तयार होते. वाडगा मात्र मी नेला तसाच आहे."

"बूट?"

"घोडा टोचायच्या आरा लावलेले बूट," उत्तर पिंकस्टननेच दिलं. "मीच उतरवले. पायांतून निघता निघेनात."

टेबलाच्या खणात जाडजूड कागदांची चळत होती. कर्नल गेली दोन वर्षं स्वतःच्या आयुष्याची हकीकत लिहीत होते. ऑर्म खिडकीत बसून वाचू लागला. पिंपं करणाऱ्याचा मुलगा. दुसऱ्याच्या मळ्यावर मुकादमी. दलदल उपसून केलेलं पहिलं खाचर, आणि त्या उपशात तापाने गेलेली अकरा माणसं. त्यांची नावंसुद्धा म्हाताऱ्याने लिहिली होती. मग युद्ध. सगळं कोरड्या, स्वतःला न सोडणाऱ्या भाषेत.

"शब्द दोनदा लिहायची खोड होती म्हाताऱ्याला," खांद्यावरून डोकावत पिंकस्टन म्हणाला. "हे बघ, पानाच्या तळाशी कोपऱ्यात 'घोडे', आणि पुढचं पानही 'घोडे'नेच सुरू."

"हं."

चाळीसावं पान सन १७८१ मध्ये टर्नरच्या उतारापाशी संपत होतं. त्यानंतर एकदम पंचेचाळिसावं. मधली चार पानं नव्हती.

"त्या लढाईत तू होतास ना, पिंकस्टन?"

पिंकस्टन खिडकीबाहेर बघू लागला. "होतो. अठराचा होतो. फारसं आठवत नाही."

जिल्ह्यातल्या प्रत्येक घोड्याची आई कोण हे ज्याला पाठ होतं, त्याला आयुष्यातली एकुलती एक लढाई आठवत नव्हती. ऑर्मने कागद काखोटीला मारले.

लायनेल थॉर्नली ओसरीवर भेटला. तिशीचा, डोळे लाल.

"भांडण झालं होतं वडिलांशी. लपवत नाही," तो म्हणाला. "मिंगोला सोडायचं म्हणत होते. मी म्हटलं, बाबा, एकाला सोडलंत की शंभर जण तोंडाकडे बघतील. दुसरं म्हणजे ती हकीकत. चार्ल्स्टनला छापायला देणार होते."

"तुम्ही वाचलीत?"

"नाही. म्हणाले, आधी एका माणसाला वाचून दाखवतो, तो त्याचा हक्क आहे. कोण ते सांगितलं नाही."

मेजर अब्नर स्ट्रोडचं घर दोन मैलांवर. पुढच्या महिन्यात निवडणूक होती आणि सेनेटवरच्या कर्नलच्या जागेसाठी तोच उभा होता. ऑर्मला बघून तो मोठ्याने हसला.

"या मोजणीदार! आता प्रेतंसुद्धा साखळीने मोजता की काय?"

"मोजतो, मेजर, कुणी बोलावलं तर. काल घरून कधी निघालात?"

"साडेआठला. वाटेत घोड्याचा नाल निखळला. मैदानावर दहाला."

"चिठ्ठी कुणी दिली?"

"वाटेत एका काळ्याने आणून दिली. कर्नलच्याच मळ्यातला असणार."

"कोणता?"

"तोंड कोण बघतं त्यांचं?"

ऑर्मने टोपी हातात फिरवली. "हकीकतीत टर्नरच्या उताराचा मजकूर दिसत नाही. तुम्ही होता ना तिथे?"

"लेफ्टनंट होतो. पण त्या दिवशी कर्नल स्वतः पहाटेपासून संध्याकाळपर्यंत घोड्यावर पुढे होते. हुकूम त्यांचे, आम्ही नुसते शिपाई." मेजर उठला. "उद्या दहाला भेटूच. निवाड्याला मीही बसतोय."

ते खरं होतं. गुलामाचा खटला दोन मॅजिस्ट्रेट आणि तीन जमीनदार चालवत, आणि त्या तिघांत मेजर स्ट्रोड होता.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या खानावळीत लांब टेबलामागे पाच जण बसले. खिडक्यांतून माणसं डोकावत होती. दोरखंड आधीच अंगणातल्या ओकवर टाकून ठेवला होता. मिंगोला उभं केलं. थोरल्या मॅजिस्ट्रेटने विचारलं, "कुणाला काही सांगायचं आहे?" ते विचारण्यापुरतंच विचारलं होतं. पण ऑर्म पुढे आला.

"माझ्याकडे एकही काळा साक्षीदार नाही," तो म्हणाला. "म्हणून ऐकावं लागेल. कर्नल बाराच्या फैरीत मेले, हे कशावरून?"

"वेगळा बार कुणी ऐकला नाही म्हणून," मेजर म्हणाला.

"पिंकस्टन, काल मळ्याकडे जाताना वाटेत किती बार ऐकलेस?"

"कुठले बार?"

"बोलू नकोस जरा. ऐक."

खानावळ गप्प झाली. दूर खाचरांकडून एक बार आला. मग दुसरा. थांबून तिसरा. पिंकस्टनचं तोंड उघडंच राहिलं.

"पाखरांवरचे," ऑर्म म्हणाला. "भात पिकल्यापासून दिवसभर चालू आहेत, म्हणूनच कुणाच्या कानात शिरत नाहीत. कर्नलवरची गोळी यांच्यातच केव्हातरी सुटली. केव्हा, ते प्रेतच सांगतं. दीड वाजता ते लाकडासारखं कडक होतं. तुमच्याच कोरोनरला हात वाकवायला दोन माणसं लागली. दीड तासात माणूस असा ताठरत नाही. त्याला पाच-सहा तरी तास लागतात. म्हणजे मृत्यू साडेआठच्या सुमाराला. लापशी न खाताच. बंदुका फैरीला भरण्याच्या कितीतरी आधी."

"पण दहा वाजता चिठ्ठी आली," दुसरा मॅजिस्ट्रेट म्हणाला. "मेलेला माणूस चिठ्ठी लिहितो?"

"तोच प्रश्न आहे. उभं राहवत नाही म्हणणारा माणूस आरा लावलेल्या बुटांत, पट्टा बांधून मेला. ती चिठ्ठी कालपरवाची नाहीच." ऑर्मने कापलेली पट्टी टेबलावर ठेवली. शेजारी हकीकतीचं चाळीसावं पान ठेवलं. "रुंदी बघा. समास बघा. आता कोपरे बघा. कर्नल पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवत, पानं सरमिसळ होऊ नयेत म्हणून. या चिठ्ठीच्या तळाशी 'आणि' आहे. हकीकतीतली एक्केचाळीस ते चव्वेचाळीस ही पानं गायब आहेत, शेगडीत राख आहे. आणि पंचेचाळिसावं पान असं सुरू होतं."

त्याने वाचलं:

"'आणि ते खोटं मी सोळा वर्षं पदकासारखं छातीवर मिरवलं.'"

लायनेल उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"ही चव्वेचाळिसाव्या पानाची शेपटी आहे," ऑर्म म्हणाला. "युद्धात धाडलेल्या एका चिठ्ठीची कर्नलनी केलेली नक्कल. मारेकऱ्याने पानं जाळली आणि एवढी पट्टी कापून ठेवली, कारण तिच्यामुळे मेलेले कर्नल दहा वाजता जिवंत दिसणार होते. ज्याच्याकडे ती होती, तो साडेआठला त्या खोलीत होता. दुसरा पेला त्याच्यासाठी होता."

सगळ्यांच्या माना मेजरकडे वळल्या.

"वा!" मेजर म्हणाला. "एका 'आणि'वरून माणूस फासावर? मला एका काळ्याने चिठ्ठी दिली. तो काळा मिंगोच असेल! मी कशाला मारू गिडियनला?"

"चिठ्ठीत लिहिलंय, 'आज पलटण तुमच्याच हाती.' टर्नरच्या उताराच्या दिवशी कर्नल तापाने पडले होते. पलटण ज्याच्या हाती होती, त्याचं नाव त्या चार पानांत होतं. मिंगोला ते ठाऊक आहे, पण त्याचा शब्द चालत नाही. ज्याचा चालेल असा माणूस मला सापडला नाही."

खिडकीबाहेर फिबा उभी होती. तिने चौकट घट्ट धरली होती.

मग पिंकस्टनची खुर्ची सरकली. तो सावकाश उठला. कपाळाला घाम होता.

"माझा चालेल ना?" तो म्हणाला.

"खाली बस, हेझेकाया," मेजर हळूच म्हणाला.

"सोळा वर्षं खालीच बसलोय, अब्नर." पिंकस्टन मॅजिस्ट्रेटकडे वळला. "कर्नल त्या दिवशी गाडीत पडून होते. पलटण यानेच नेली. त्या एकोणीस जणांनी हत्यारं टाकली होती. हात वर होते त्यांचे. आमचेच शेजारी होते ते, इंग्लंडच्या राजाच्या बाजूने लढत होते एवढंच. याने त्यांना गुडघ्यांवर बसवलं आणि आम्हाला हुकूम दिला. मी... मीही बंदूक चालवली. माझ्यापुढे पीटर ओगल होता. आम्ही एकत्र मासे धरायचो. संध्याकाळी कर्नलना सांगितलं, लढाई जिंकली. खरं कळलं त्यांना महिन्याभराने. पण तोवर जिल्ह्याने त्यांना डोक्यावर घेतलं होतं. त्यांनीही तोंड मिटलं. आणि आम्हीही."

मेजरचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. लायनेल दारात जाऊन उभा राहिला.

"त्या राजाच्या माणसांनी माझं घर पेटवलं होतं," मेजर म्हणाला. आवाज वेगळाच आला. "माझी आई आत होती. ते नाही लिहिलं गिडियनने. वाचून दाखवत होता मला, एकेक ओळ, शांतपणे. वर म्हणाला, अब्नर, तुझंही ओझं उतरेल. निवडणुकीला महिना राहिलेला! म्हटलं, जाळ ते. म्हणाला, नाही. पिस्तूल कवायतीसाठी भरून टेबलावरच होतं."

"तुझ्या आईचं मला ठाऊक आहे," पिंकस्टन म्हणाला. "पण गिडियनने कुणाचं घर जाळलं होतं, अब्नर? आणि हा मिंगो? याला तू निवाड्याला बसून लटकवणार होतास."

थोरल्या मॅजिस्ट्रेटने मेजरपुढे हात केला, आणि त्याने तलवार काढून त्या हातात दिली.

मेजर स्ट्रोडला जानेवारीत फाशी झाली. त्याआधी निवडणूक झाली; तुरुंगात असूनही अडतीस जणांनी त्याच्याच नावाची चिठ्ठी पेटीत टाकली. हकीकत छापली गेली नाही. लायनेलने ती पेटीत कुलूपबंद केली.

मिंगोची साखळी त्याच दिवशी निघाली, पण स्वातंत्र्याच्या कागदावर सही नव्हती. ऑर्म त्यासाठी तीनदा लायनेलकडे गेला.

"बाबांची सही नाही," लायनेल म्हणे. "माझी मी का करू? त्याला बघितलं की मला ते रक्त आठवतं. घरात नको म्हणून खाचरावर पाठवलाय. जीव वाचला ना त्याचा? आणखी काय हवं?"

मार्चमध्ये, लायनेल आठवडाभराने चार्ल्स्टनहून परतला त्याच सकाळी, त्याचा घोडेस्वार ऑर्मकडे आला. मिंगो आणि फिबा दोन दिवसांपासून नाहीसे झाले होते. मळ्यातली एक होडीही गेली होती. माग काढण्यात ऑर्मसारखा माणूस नाही, त्याने लगेच यावं.

ऑर्म पिंकस्टनला घेऊन गेला. नदीच्या पायऱ्यांशी ओल्या गाळात होडी ढकलल्याची खोल रेघ होती. ओहोटीबरोबर होडी खाली, समुद्राकडे गेली होती. वळणावरच्या लव्हाळ्यात एक वाट मोडलेली होती. गाळात दोन माणसांची पावलं, एक जड, एक हलकं. नुकतं मोजणी शिकलेल्या पोरालाही वाचता आलं असतं.

ऑर्म बराच वेळ बघत उभा राहिला. मग बुटाने गाळ सारखा करत करत वर आला.

"काय दिसलं?" लायनेलने विचारलं.

"काही नाही. पावसाने सगळं धुऊन नेलंय. वरच्या अंगाला, डोंगराकडे शोधा."

पिंकस्टनने आभाळाकडे पाहिलं. आठ दिवसांत थेंब पडला नव्हता.

"पण ऑर्म, पाऊस..." तो म्हणाला, आणि थांबला. त्याने गाळाकडे पाहिलं, मग ऑर्मच्या बुटांकडे.

"हो, लायनेल," तो सावकाश म्हणाला. "परवा फार मोठा पाऊस झाला. मी स्वतः भिजलो."